अक्षरांचा धनी कोण?

या व्याख्यानमालेचा कार्यक्रम छापलेला कागद आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आला असेल. आपण त्यावरून नजर फिरवली, आवडीचे विषय हेरले, वार आणि वेळ ध्यानात ठेवली आणि कागद खिशात घातला. तो कागद कोणी मांडला, वक्त्याचे नाव ठळक आणि विषय बारीक का, कडेला समास एवढाच का, असले प्रश्न कोणाच्या मनात आले नसतील. आले नाहीत तेच बरे झाले. ज्याने तो मांडला त्याचे काम नीट पार पडले, एवढाच त्याचा अर्थ.

पण यातूनच एक पेच उभा राहतो. ज्या कामाकडे कोणाचे लक्ष गेले नाही म्हणजे ते साधले असे समजायचे, त्या कामात माणसाने आपले नाव कसे मिळवावे? आपला स्वतंत्र हात, आपली शैली दाखवावी की लपवावी? यश कशाला म्हणावे? आणि काम उत्तम होऊनही ते वाईट कारणी लागले, तर जाब कोणाला विचारावा? ज्यांना आज ग्राफिक डिझायनर म्हणतात, म्हणजे अक्षरे, चित्रे आणि मोकळा कागद यांची मांडणी करणे हा ज्यांचा धंदा आहे, त्यांच्यापुढे हे प्रश्न गेली शंभर वर्षे उभे आहेत. आम्ही त्यांना सोयीसाठी मांडणीकार म्हणू.

असे प्रश्न नुसत्या काथ्याकुटाने सुटत नाहीत. एखाद्या माणसाच्या आयुष्यात ते कसे उभे राहिले आणि त्याने ते कसे सोडवले किंवा सोडवले नाहीत, हे पाहिले म्हणजे अधिक उमगतात. म्हणून आम्ही एका जर्मन मांडणीकाराची हकीकत सांगणार आहोत. त्याचे नाव यान चिखोल्ट.

लाइपझिग हे शहर म्हणजे जर्मन ग्रंथव्यवसायाचे जुने माहेरघर. तेथे १९०२ साली चिखोल्टचा जन्म झाला. बाप दुकानांच्या पाट्या रंगवणारा कारागीर. तेव्हा अक्षराचे वळण मुलाला शाळेत जाण्याआधी घरातच भेटले. पुढे लाइपझिगच्या कलाशाळेत त्याने सुलेखनाचा रीतसर अभ्यास केला, जुन्या हस्तलिखितांची आणि जुन्या खिळ्यांची वळणे गिरवली. सर्व काही असेच चालले असते तर तो एक नेमस्त, जुन्या चालीचा अक्षरकार झाला असता.

पण काळ नेमस्तपणाचा नव्हता. जर्मनी महायुद्ध हरली होती आणि १९२३ साली तेथल्या नोटेची किंमत ती छापलेल्या कागदाइतकीही उरली नव्हती. त्याच वर्षी वायमार येथे बाउहाउस या नव्या कलाशाळेचे प्रदर्शन भरले. एकवीस वर्षांचा चिखोल्ट ते पाहायला गेला आणि भारून परत आला. ज्या जगाने लाखो तरुण खंदकांत मारले, त्या जगाची वेलबुट्टी आपण का म्हणून जपायची, असे त्या पिढीला वाटत होते. चिखोल्टने आपले योहानेस हे नाव टाकून रशियन धर्तीवर इव्हान असे नाव घेतले, यावरून त्याच्या उत्साहाची कल्पना यावी. १९२६ साली म्युनिकच्या मुद्रणशाळेत शिक्षकाची जागा मिळाली, तेव्हा ते नाव तेथे चालण्यासारखे नव्हते. म्हणून त्याचे यान झाले.

१९२५ साली त्याने मुद्रकांच्या एका नियतकालिकाचा विशेषांक काढून आपली मते मांडली आणि १९२८ साली 'नवी मुद्राक्षरकला' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून ती पक्की केली. त्या मतांचा सारांश असा: शीर्षक पानाच्या बरोबर मध्यावर बसवण्याची जुनी रीत सोडा, कारण तिच्यात शोभा आहे पण अर्थ नाही. अक्षरांच्या टोकांना फुटलेल्या शेपट्या, चौकटी, फुलेपाने काढून टाका. साधे, बिनशेपटीचे अक्षर घ्या. जे महत्त्वाचे ते मोठे, जे दुय्यम ते लहान, आणि मधला मोकळा कागद हाही मांडणीचाच भाग समजा. कागदाची मापे सर्वत्र एक ठेवा. आपण आज अर्ज करताना जो ए-फोर कागद वापरतो तो १९२२ साली जर्मनीत ठरलेल्या मापाचा. त्या मापांचा चिखोल्टने हिरिरीने पुरस्कार केला होता. म्हणजे त्या बंडाची एक निशाणी आपल्या घरातल्या खणातही पडून आहे.

यात वावगे काय होते? आमच्या मते मतांत फारसे वावगे नव्हते. ती आज इतकी अंगवळणी पडली आहेत की ती कोणी प्रथम मांडावी लागली असतील हेही सुचत नाही. वावगे होते ते सांगण्याच्या रीतीत. ही माझी शैली आहे, मला ती आवडते, असे चिखोल्ट म्हणत नव्हता. ही कोणा एकाची शैली नव्हेच, ही युगाची शैली आहे, आणि जो जुनी रीत धरून बसेल तो मागासलेला, असा त्याचा पवित्रा होता. जो माणूस हे माझे मत आहे असे म्हणतो, त्याच्याशी आपण वाद घालू शकतो. जो हे युगाचे मत आहे असे म्हणतो, तो वादाला जागाच ठेवत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती चिखोल्टलाच नडली.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि मार्च महिन्यात चिखोल्टला अटक झाली. त्याची कला जर्मन परंपरेच्या मुळावर आलेली आहे, बोल्शेव्हिक वळणाची आहे, हा आरोप. म्युनिकची जागा गेली. काही आठवड्यांनी सुटका झाल्यावर त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो बायको आणि लहान मुलगा यांना घेऊन स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी गेला. परक्या गावात पोट भरण्यासाठी प्रकाशकांकडे पुस्तके मांडण्याचे काम पत्करावे लागले.

येथे एक निराळीच शाळा सुरू झाली. म्युनिकमध्ये त्याने सिनेमाची भित्तिपत्रके केली होती. रस्त्याने जाणाऱ्याचे लक्ष क्षणभर पकडायचे, एवढे त्यांचे काम. बासेलमध्ये समोर आल्या कादंबऱ्या, काव्ये, जुने अभिजात ग्रंथ. हे वाचणारा माणूस घटका दोन घटका दिव्यापाशी बसून वाचणार. त्याला धक्का देऊन काय उपयोग? हळूहळू चिखोल्टच्या पानावर शेपट्यांची जुनी अक्षरे परतली, शीर्षक मध्यावर आले, आणि काही वर्षांतच नव्या रीतीचा हा पहिला आचार्य जवळजवळ सगळी पुस्तके जुन्या रीतीने मांडू लागला.

ज्याच्या शब्दावर हजारो तरुण मुद्रकांनी आपल्या केसमधले जुने खिळे अडगळीत टाकले, त्यानेच ते पुन्हा उचलावेत, हे अनुयायांना कसे रुचावे? १९४६ साली माक्स बिल याने एका स्विस मुद्रणविषयक मासिकात त्याच्यावर उघड हल्ला चढवला. बिल स्वतः बाउहाउसचा विद्यार्थी, नामांकित मांडणीकार आणि शिल्पी. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, हे पाऊल मागे पडलेले आहे. राजकारणात जे प्रतिगामी आहेत त्यांच्याच वाटेने कलेत जाणे आहे. चिखोल्टने उत्तर दिले आणि ते फार झोंबणारे होते. नव्या मुद्राक्षरकलेचे आम्ही जनक हिटलरशाहीचे कट्टर वैरी होतो, हे त्याने सांगितले. पण पुढे असेही कबूल केले की, आमच्या शिकवणुकीत जी असहिष्णुता होती, सगळ्यांना एका कवायतीत उभे करण्याची जी हौस होती, ती हिटलरशाहीच्या वृत्तीशी नाते सांगणारी होती.

स्वतःच्या तरुणपणाच्या कीर्तीवर असा निखारा ठेवणारी माणसे विरळा. तरीही या वादात पुरते खरे कोणाचे होते? आम्हाला वाटते, कोणाचेच नव्हते, आणि इतिहासातल्या दोन गोष्टी त्याला साक्ष आहेत.

पहिली गोष्ट हेर्बेर्ट बायर याची. हा बाउहाउसमधला मुद्रणाचा शिक्षक, नव्या रीतीच्या अग्रणींपैकी एक. १९३६ साली ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी बर्लिनमध्ये सरकारने जर्मनीचा गौरव करणारे प्रदर्शन भरवले. त्याची पुस्तिका या बायरने मांडली, आणि त्याच नव्या रीतीने, छायाचित्रे जोडून मोठ्या कुशलतेने मांडली. दोन वर्षांनी तो अमेरिकेत निघून गेला, पण पुस्तिका राहिली. नवी शैली पुरोगामी असेल तर ती हिटलरच्या कामी कशी आली?

दुसरी गोष्ट याच्या उलट. जर्मन लोकांची टोकदार, गुंतागुंतीची फ्राक्टुर लिपी हीच खरी राष्ट्रीय लिपी, असा जयजयकार हिटलरचे अनुयायी सुरुवातीस करीत होते. पण १९४१ च्या जानेवारीत त्याच राजवटीने एका परिपत्रकाने ती जुनी अक्षरे यहुद्यांची ठरवून बंद केली. जिंकलेल्या मुलखातील लोकांना ती वाचता येत नव्हती, ही खरी अडचण. काल जे अक्षर राष्ट्राचा प्राण होते ते आज शत्रूचे ठरले, आणि अक्षराचे वळण मात्र एका रेषेनेही बदलले नव्हते!

तात्पर्य काय, तर वळणात पाप नाही आणि पुण्यही नाही. बिलला वाटले, शैली सोडली म्हणजे ध्येय सोडले. चिखोल्टला वाटले, त्या शैलीतच जुलमाचे बीज होते. दोघांनीही जी जबाबदारी माणसाची ती अक्षरावर टाकली. मांडणीकाराने स्वतःला विचारायचे प्रश्न दोनच. हे मी कोणासाठी मांडतो आहे? आणि कशासाठी? यांची उत्तरे शैलीत सापडत नाहीत. ती प्रत्येक कामाच्या वेळी नव्याने द्यावी लागतात.

बिलची बाजू मांडताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५३ साली जर्मनीतील उल्म गावी मांडणीची नवी शाळा सुरू झाली, तिचा तो पहिला प्रमुख. त्या शाळेमागे इंगे शोल ही बाई होती. तिच्या भावाला आणि बहिणीला, हान्स आणि सोफी यांना, हिटलरविरोधी पत्रके वाटली म्हणून १९४३ साली मृत्युदंड दिला गेला होता. तेव्हा जे नव्या रीतीला चिकटून राहिले त्यांच्याही पाठीशी जिवंत सदसद्विवेक होता. तो चिखोल्टपाशीच होता असे कोणी समजू नये.

आता यशाकडे वळू. १९४७ साली चिखोल्टला लंडनहून पेंग्विन या प्रकाशनसंस्थेने बोलावले. १९३५ साली अ‍ॅलन लेन याने सहा पेन्सांना एक अशी चांगली पुस्तके विकायला सुरुवात केली होती. तिच्या ज्ञानविषयक पेलिकन मालेच्या पहिल्या संपादकांत आपले व्ही. के. कृष्ण मेनन होते. पुस्तके लाखांनी खपत, पण ती अनेक छापखान्यांतून निघत आणि प्रत्येक छापखान्याची तऱ्हा वेगळी. चिखोल्टने तेथे तीन वर्षांहून कमी काळ काढला आणि तेवढ्यात पाचशेहून अधिक पुस्तके त्याच्या नजरेखालून गेली.

त्याने तेथे केलेले सर्वांत महत्त्वाचे काम कोणते म्हणाल, तर चार पानांची एक नियमावली. दोन शब्दांत किती जागा सोडावी, परिच्छेदाची पहिली ओळ किती आत घ्यावी, अवतरणचिन्हे कशी द्यावीत, मोठ्या अक्षरांत शीर्षक जुळवताना अंतर कसे राखावे, असे तिचे विषय. जुळारी कुरकुरत. मोठ्या अक्षरांतील अंतर डोळ्याला सारखे दिसेल असे ठेवा, हे पुन्हा पुन्हा लिहून कंटाळल्यावर त्याने त्या सूचनेचा रबरी शिक्काच करून घेतला आणि मुद्रितांवर मारू लागला. हे कीर्तीचे काम दिसते का? तरी श्रीमंताच्या कपाटासाठी एखादा देखणा ग्रंथ सजवण्यापेक्षा, कामगाराने आगगाडीत वाचायच्या स्वस्त पुस्तकाचे पान निर्दोष व्हावे, यात त्याला अधिक मोल वाटत होते. १९५४ साली अमेरिकेतील मुद्रणकलेच्या संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. पण त्याचे खरे पदक ते लाखो वाचक, ज्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. उतारवयात, १९६७ साली, त्याने घडवलेले खिळे बाजारात आले. त्यांनाही स्वतःचे नाव न देता त्याने सोळाव्या शतकातील झाक साबोन या खिळे ओतणाऱ्याचे नाव दिले. १९७४ साली तो वारला.

याच लंडनमध्ये यशाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने पुढे आला. युद्धानंतर जाहिरातीचा धंदा फोफावला आणि हुशार मांडणीकारांना तेथे पैसा दिसू लागला. १९६४ च्या जानेवारीत केन गारलंड याने एक जाहीरनामा छापून वाटला. त्यावर त्याच्यासह बावीस जणांच्या सह्या होत्या आणि प्रती अवघ्या चारशे. आमची अक्कल मांजरांचे खाद्य, दाताच्या पेस्टा आणि केसांची औषधे खपवण्यात खर्च होते आहे, रस्त्यावरचे फलक, पाठ्यपुस्तके, माहितीपत्रके यांच्याकडे मात्र कोणी पाहत नाही, अशी त्यांची तक्रार होती. जाहिरात बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हते, अग्रक्रम बदला एवढेच होते. २००० साली नव्या पिढीने तोच जाहीरनामा सुधारून पुन्हा प्रसिद्ध केला. त्यावरून तक्रार मिटली नव्हती हे उघड आहे.

कोणी म्हणेल, ही सगळी युरोपातली भांडणे, आपल्याला त्यांचे काय? पण वाचकाच्या सोयीसाठी लिहिणाराने आपला हात आवरावा, हा विचार आपल्याकडे परका नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढून पाहावा. समर्थांनी तेथे लेखनक्रियाच सांगितली आहे. ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. तरुणपणी डोळे चांगले असतात म्हणून फार बारीक अक्षर काढू नये, ते म्हातारपणी कामाचे नाही. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. समास हा शोभेसाठी नव्हे, तर पोथी पुढच्या पिढीला मिळावी म्हणून! तीनशे वर्षांनंतर चिखोल्टची चार पाने याहून वेगळे काय सांगत होती?

छपाई आली तेव्हाही ही परंपरा तुटली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईस जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या देवनागरी खिळ्यांची कीर्ती देशभर झाली. निर्णयसागरी टाइप म्हटले की जुने वाचक आजही मान डोलावतात. पण ते वळण पोलादात कोरणाऱ्या राणोजी आरू यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

मग स्वतःची शैली मिरवूच नये काय? तसेही नाही. दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ दुरून पाहिले तरी ओळखू येई, खालची सही वाचावी लागत नसे. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' सुरू केली आणि वाचक त्यांची चित्रे पाहण्यासाठीही अंक विकत घेऊ लागले. मुखपृष्ठ हे हाक मारण्यासाठी असते. तेथे आवाज ओळखीचा असला तर उत्तमच. आतले पान बोलण्यासाठी असते. तेथे लेखकाचा आवाज ऐकू यावा, मांडणीकाराचा नव्हे. दलालांनी हाक मारली, आरूंनी बोलू दिले. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

शेवटी उल्मचा धागा आपल्या दारापर्यंत आणू. त्या शाळेत शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनी पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. ते १९६९ साली सुरू झाले. तेथे पुढे र. कृ. जोशी शिकवू लागले. त्यांची बरीच वर्षे जाहिरात-व्यवसायात गेली होती. गारलंडच्या जाहीरनाम्यातला बाजार त्यांनी आतून पाहिला होता आणि तेथे यशही मिळवले होते. सुलेखनकार म्हणून त्यांचा हात स्वतंत्र, जोरकस, पाहताक्षणी ओळखू येणारा. अशा माणसाने संगणकासाठी देवनागरी अक्षरे घडवली तेव्हा काय केले? तो हात खिशात ठेवला. संगणकाच्या पडद्यावरील ठिपके तेव्हा भरड होते. त्यांत मात्रा, रफार, जोडाक्षर स्पष्ट उमटले पाहिजे, एवढाच विचार त्यांनी केला. 'मंगल' हे अक्षर असे जन्मास आले. जोशी २००८ साली वारले. विंडोज प्रणालीबरोबर घरोघर गेलेल्या त्या अक्षरात असंख्य लोकांनी मराठी लिहिले आणि वाचले. त्यांतल्या फारच थोड्यांना ते कोणाच्या हातचे हे माहीत असेल.

अक्षरांचा धनी कोण, हा प्रश्न आम्ही मथळ्यात घातला आहे. तो धनी वाचक होय. मांडणीकार त्याचा कारभारी. कारभाऱ्याने अंगरखा कोणत्या कापाचा घालावा हा त्याचा प्रश्न. कापावरून प्रामाणिकपणा ठरत नाही, आणि नवा काप घातला म्हणून हिशेब आपोआप चोख होत नाही. ज्या कीर्तीवर आपण उभे आहोत तिलाही प्रसंगी हिशेब विचारावा लागतो. चिखोल्टने तो विचारला. उत्तर काढताना तो थोडा चुकला असेल, पण विचारायला कचरला नाही.

खिशातला कार्यक्रमाचा कागद आता पुन्हा एकदा काढून पाहावा. वार, वेळ आणि विषय झटकन सापडले, तर ज्याने तो मांडला त्याचे मनातल्या मनात आभार मानावेत. आणि सापडले नाहीत, तर व्यवस्थापकांना तसे जरूर कळवावे. धन्याचे तेवढे कर्तव्य आहेच.